बदकाची अंडी घरी उबवताना पिल्ले का निघत नाहीत? कारण ओळखा, पुढची खेप वाचवा

राष्ट्रीय पशुधन अभियान, राज्याची परसातील कुक्कुटपालन योजना किंवा बचत गटामार्फत तुम्हाला बदके अथवा छोटे उबवणी यंत्र मिळाले असेल, तर पुढची पिल्ले घरीच काढता येतात. अंड्यांसाठी पाळली जाणारी खाकी कॅम्पबेल बदके सहसा स्वतः खुडूक बसत नाहीत. म्हणून यंत्र किंवा गावठी कोंबडी वापरावी लागते. पहिल्या एक-दोन खेपांत पिल्ले कमी निघाली, की अनेक लाभार्थी यंत्र बंद करून ठेवतात. तसे करू नका. न उबलेली अंडी फोडून पाहिली, तर चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा कळते.

आधी ही मोजमापे तपासा

• कालावधी: साधारण २८ दिवस. मस्कोव्ही बदकाला ३५ दिवस लागतात. दोन्हींची अंडी एकाच दिवशी एकत्र लावू नका.
• तापमान: पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसलेल्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.३ अंश.
• आर्द्रता: पहिले २५ दिवस ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ७० टक्क्यांच्या आसपास.
• अंडी फिरवणे: २५ व्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीन वेळा. त्यानंतर फिरवू नका.
• ठेवण्याची पद्धत: आडवे, किंवा रुंद टोक वर. निमुळते टोक कधीही वर नको.

वरील दिवस मस्कोव्ही सोडून इतर बदकांसाठी आहेत.

यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावरच विसंबू नका. दुसरा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून रोज दोनदा पडताळा.

हिशेब कसा मांडावा

समजा, तुम्ही ६० अंडी लावली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर धरल्यावर १२ अंडी स्वच्छ, म्हणजे रक्तवाहिन्या नसलेली दिसली. उरलेल्या ४८ पैकी ३० पिल्ले निघाली. येथे दोन वेगळे तोटे आहेत. १२ अंड्यांचे कारण बहुधा कळपात किंवा साठवणीत आहे. १८ अंड्यांचे कारण मुख्यतः उबवणीत शोधावे लागेल. दोन्ही आकडे वेगळे लिहिले नाहीत, तर दोष नसताना यंत्र दुरुस्तीला जाते आणि कळपातला दोष तसाच राहतो.

अंडे फोडून पाहण्याची पद्धत

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर आणखी दोन दिवस वाट पाहा. मग उरलेली अंडी घराबाहेर, जुन्या भांड्यात, रुंद टोकाकडून एकेक करून फोडा. नाकातोंडाला रुमाल बांधा, नंतर हात साबणाने धुवा. टरफले व आतील भाग खड्ड्यात पुरा.

काय दिसले आणि त्याचा अर्थ काय

१. आत काहीच वाढ नाही, बलक पिवळा
अंडे फलित नव्हते किंवा उबेत जाण्यापूर्वीच गर्भ मेला. पाच ते सहा माद्यांमागे एक निरोगी नर ठेवा. म्हातारा किंवा लंगडा नर बदला. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतच लावा. तोवर सावलीत, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा.

२. रक्ताचे कडे किंवा अगदी छोटा गर्भ
पहिल्या आठवड्यातील मृत्यू. तापमान वर-खाली झाले, अंडी जुनी होती किंवा वाहतुकीत हादरली. बाहेरून आणलेली अंडी लगेच यंत्रात न ठेवता काही तास स्थिर ठेवा. अंडी लावण्यापूर्वी यंत्र एक दिवस रिकामे चालवून तापमान स्थिर करा.

३. अर्धवट वाढलेले पिल्लू
मधल्या काळातील मृत्यू. अंडी फिरवली गेली नाहीत, तापमान बिघडले किंवा प्रजननाच्या बदकांच्या खाद्यात जीवनसत्त्वे व खनिजे कमी पडली. फक्त तांदळाच्या कोंड्यावर ठेवलेल्या कळपात असे होऊ शकते. हिरवा चारा, गोगलगाई, खनिज मिश्रण यांची जोड द्या.

४. काळे, दुर्गंधीयुक्त अंडे
जंतूंचा शिरकाव. बदके ओल्या जागी अंडी घालतात, म्हणून हा त्रास कोंबडीपेक्षा अधिक. रात्री कोरडा पेंढा पसरा आणि पहाटेच अंडी गोळा करा. फार मळलेले अंडे उबवायला घेऊ नका. थंड पाण्याने धुऊ नका, त्याने घाण छिद्रांतून आत ओढली जाते. उबवणी चालू असताना वास आला तर ते अंडे लगेच, हळुवार काढा. ते आत फुटले तर इतर अंडीही धोक्यात येतात.

५. पूर्ण वाढलेले, पण टरफल न फोडलेले पिल्लू
हवेची पोकळी पाहा. पोकळी फार मोठी आणि पिल्लू सुकून पडद्याला चिकटलेले असेल, तर यंत्र कोरडे पडले. पोकळी लहान आणि पिल्लू सुजलेले, पाणीदार असेल, तर ओल जास्त झाली. डोके निमुळत्या टोकाकडे असेल, तर अंडे उलटे ठेवले गेले किंवा नीट फिरवले नाही.

६. चोच मारून तेथेच मेलेले पिल्लू
शेवटच्या तीन दिवसांत ओल कमी पडली किंवा हवा कोंडली. पाण्याचे भांडे भरलेले ठेवा, हवेची छिद्रे बंद करू नका आणि पुन्हा पुन्हा झाकण उघडू नका.

७. पिल्ले लवकर किंवा उशिरा
सगळी पिल्ले २६ व्या दिवशी, बेंबी न भरलेली निघाली, तर तापमान जास्त होते. ३० व्या दिवसापर्यंत रेंगाळली, तर कमी होते.

ओल बरोबर आहे का, हे वजनाने ओळखा

लावताना दहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून त्यांचे वजन लिहा. २५ व्या दिवसापर्यंत १२ ते १४ टक्के घट व्हायला हवी. ७० ग्रॅमच्या अंड्यात ही घट सुमारे ९ ग्रॅम होते. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

खुडूक कोंबडीखाली लावताना

एका गावठी कोंबडीखाली ९ ते १२ अंडी पुरेत. नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडा, कारण तिला २१ ऐवजी २८ दिवस बसायचे आहे. बदकाचे अंडे जड असल्याने तिला ते नीट फिरवता येत नाही. ती खाण्यासाठी उठेल तेव्हा हाताने फिरवा. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच वेळी अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वीज गेली तर काय करावे?
झाकण उघडू नका, यंत्रावर गोणपाट टाका. पण हवेची छिद्रे मोकळी ठेवा. थोडा वेळ गारवा चालतो. जादा उष्णता अधिक घातक असते, म्हणून वीज आल्यावर तापमान वाढवून भरपाई करू नका.

पिल्लू अडकले तर ओढून काढावे का?
नाही. चोच मारल्यानंतर बदकाच्या पिल्लाला एक ते दोन दिवस लागू शकतात. घाई केली तर रक्तस्राव होतो.

काढून टाकलेली अंडी विकता किंवा खाता येतील का?
नाही. उबेत राहिलेली अंडी विकू नका, खाऊ नका.

नोंदी ठेवा, मदत घ्या

प्रत्येक खेपेत लावलेली अंडी, स्वच्छ अंडी, मृत गर्भ, निघालेली पिल्ले आणि रोजचे तापमान वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा. तापमान वारंवार भरकटत असल्याची नोंद असेल, तर पुरवठादाराकडे लेखी तक्रार करताना ही वही, बिल आणि वॉरंटी कार्ड उपयोगी पडते. तक्रारीची प्रत योजना राबवणाऱ्या कार्यालयाला द्या.

सल्ल्यासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे. कळपात अचानक मरतूक सुरू झाली, तर त्या कळपाची अंडी लावू नका आणि दवाखान्याला लगेच कळवा.