ब्लश कसा लावायचा? रोजचा, लग्नाचा आणि तमाशाच्या स्टेजचा मेकअप वेगळा का असतो?

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला 'तमाशापंढरी' म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन खेळाची सुपारी देतात. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकर यांनी याच गावाचं नाव देशभर नेलं.

तमाशातल्या कलावंताला जवळून पाहिलं तर गालावरची लाली भडक वाटते. तीच शेवटच्या रांगेतून अगदी नैसर्गिक दिसते. पण तेवढीच लाली लावून कुणी मंचरच्या एखाद्या कार्यालयात दुपारच्या लग्नाला गेलं, तर सगळ्यांच्या नजरा गालांवरच जातील. असं का होतं, ते समजून घेऊया.

ब्लश नेमकं काय करतो?

फाउंडेशन लावल्यावर चेहरा एकाच रंगाचा आणि सपाट दिसतो. गालांवरचा मूळचा रंगही त्याखाली झाकला जातो. ब्लश तो रंग परत आणतो. किती आणि कुठे लावायचा, हे उजेड आणि बघणाऱ्याचं अंतर यावर ठरतं.

रोजच्या वापरासाठी

कॉलेज किंवा ऑफिसला जाताना हलकं हसा. गालाचा जो भाग वर येतो, तिथे थोडा ब्लश लावून तो कानाच्या दिशेने पसरवा. क्रीम ब्लश बोटाने थापटून लावता येतो. पावडर ब्लश असेल तर ब्रश आधी झटकून घ्या. ब्लश खिडकीजवळच्या उजेडात लावा. ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो.

नवरीसाठी

- फोटोच्या फ्लॅशमध्ये रंग फिका पडतो, म्हणून रोजच्यापेक्षा एक छटा गडद घ्या.
- आधी क्रीम आणि त्यावर त्याच रंगाची पावडर लावा. उन्हाळ्यातल्या लग्नात घामाने रंग लवकर उतरत नाही. पावडरवर क्रीम लावू नका, डाग पडतात.
- नथीमुळे नाकाजवळचा गाल भरलेला दिसतो. ब्लश नाकापासून दोन बोटं लांब, गालाच्या हाडावर ठेवा.
- हळदीचा पिवळेपणा त्वचेवर राहिला असेल, तर निळसर गुलाबी रंगापेक्षा पीच किंवा कोरल जास्त मिसळून जातो.

स्टेजसाठी

स्टेजवरचा झगझगीत उजेड चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो. लांबून तर गालाचा उठाव दिसतच नाही. म्हणून लावणी किंवा वगासाठी ब्लश दोन-तीन छटा गडद घेतात आणि गालाच्या हाडापासून कानशिलापर्यंत तिरका ओढतात. कडा मात्र पुसट हव्यात. मेकअप झाल्यावर कुणाला तरी १५-२० फुटांवरून बघायला सांगा. आरशातला अंदाज इथे कामाचा नाही.

कोणत्या त्वचेला कोणता रंग?

- गोरी: फिकट गुलाबी, पीच
- गव्हाळ: कोरल, गडद गुलाबी
- सावळी: वीटकरी, बेरी, गडद लाल

सावळ्या त्वचेवर फिकट गुलाबी रंग पांढुरका दिसतो. तेव्हा 'मला ब्लश शोभत नाही' असं समजू नका, छटा बदलून बघा.

कुंकू, गुलाल गालाला लावावा का?

नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलींच्या गालांवर घाईघाईत कुंकू चोळलं जातं. स्वस्त कुंकू, शेंदूर किंवा गुलालात काय मिसळलंय ते कळत नाही. त्यात शिसं किंवा पारा असू शकतो. पूर्वी रंगभूमीवर मुर्दाडशिंग आणि हिंगूळ वापरले जात. यातलं मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. आज भारतातल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. त्यामुळे खरेदी करताना पाकिटावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत बघा. काहीच हाताशी नसेल, तर चांगल्या लिपस्टिकचा एक ठिपका बोटाने पसरवला तरी चालतो.

यात्रांच्या हंगामात कलावंतांच्या चेहऱ्यावर रात्रीमागून रात्री हा रंग चढतो. त्यांच्यासाठी आणि एका दिवसाच्या नवरीसाठीही शेवटचा नियम एकच: कितीही उशीर झाला तरी मेकअप न उतरवता झोपायचं नाही. खोबरेल तेलाने किंवा क्लिन्झरने रंग सोडवा आणि मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. खाज किंवा पुरळ आलं, तर ते प्रसाधन लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.