तलाव हिरवा कुणी केला? फ्लोरिडातल्या भाजीपाला पट्ट्याची आणि अपॉपका तलावाची गोष्ट

डिस्ने वर्ल्डमुळे आपल्याला माहीत असलेलं ऑरलँडो शहर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आहे. तिथून वायव्येला साधारण २५ किलोमीटरवर अपॉपका नावाचा तलाव लागतो. क्षेत्रफळ सुमारे १२५ चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली दीड मीटरच्या आसपास. म्हणजे उंच माणूस बऱ्याच ठिकाणी उभा राहिला तर त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील. (अर्थात तळाचा चिखल त्याला नीट उभं राहू देणार नाही. त्या चिखलाचा मुद्दा पुढे येणार आहे.)

एकेकाळी या तलावाचं पाणी नितळ होतं. तळाशी पाणवनस्पती होत्या आणि बास मासा गळाला लावायला लांबून लोक यायचे. त्यांच्यासाठी काठावर वीसेक मुक्कामाचे तळ होते. नंतर पाणी वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं झालं, बास संपला आणि हे तळही बंद पडले. हे कसं झालं, यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झाला. या वादाच्या मध्यभागी आहेत गाजर, सेलरी, लेट्यूस आणि स्वीट कॉर्न.

भाजीपाला इथेच का?

तलावाच्या उत्तरेला सुमारे ८ हजार हेक्टरची दलदल होती. हजारो वर्षं गवत कुजून तिथे काळ्या, भुसभुशीत मातीचा जाड थर तयार झाला होता. या मातीला तिथे ‘मक’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची गरज वाढली आणि १९४१ मध्ये तलाव व दलदल यांच्यामध्ये मातीचा बांध घालण्यात आला. आतलं पाणी उपसलं आणि शेती सुरू झाली.

आपल्याकडे धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करतात. ही जमीन साधारण त्याच जातीची, फरक इतकाच की इथे पाणी परत येऊ दिलं नाही. एका वर्षात दोन-तीन पिकं निघत. झेलवूड या जवळच्या गावाचा मका तर इतका गाजला की त्याच्या नावाने दरवर्षी जत्रा भरायची.

पाणी दोन्ही बाजूंनी फिरायचं

दलदलीची माती कोरडी पडली की हवेच्या संपर्काने ती कुजते आणि जमीन खचत जाते. काही वर्षांत शेतं तलावाच्या पातळीपेक्षा खाली गेली. त्यामुळे पाणी हवं असेल तर दार उघडायचं, तलावाचं पाणी आपोआप शेतात. पाऊस जास्त झाला की पंप लावायचा, शेतातलं पाणी परत तलावात. मधल्या काळात सूत्रकृमी मारण्यासाठी रिकामी शेतं मुद्दाम पाण्याने भरून ठेवायचे. ते पाणीसुद्धा शेवटी तलावातच.

प्रत्येक फेरीत पाण्याबरोबर फॉस्फरस जायचा. आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तोच. तो फक्त खतातून येत नव्हता. कुजणारी माती स्वतःच स्फुरद सोडत होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ‘खत कमी वापरा’ एवढ्या सल्ल्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता. १९९० च्या दशकात या पाणलोटाचं व्यवस्थापन करणाऱ्या सेंट जॉन्स रिव्हर वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या सरकारी यंत्रणेने हिशेब मांडला. तलावात वर्षाला सुमारे ६२ टन फॉस्फरस जात होता आणि त्यातला बहुतांश शेतांमधून येत होता. तलाव सुधारायचा तर हा आकडा १६ टनांच्या आसपास आणायला हवा, असं ठरलं.

मग वाद कशावर?

१९४७ मध्ये इथे चक्रीवादळ आलं. त्यात तळाच्या वनस्पती मोठ्या प्रमाणात उपटल्या गेल्या आणि त्याच वर्षी शेवाळाचा पहिला मोठा तवंग दिसला. म्हणजे दोन संशयित एकाच वेळी घटनास्थळी हजर!

फ्लोरिडा विद्यापीठातल्या रॉजर बाकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडणी केली की खरा दोष वनस्पती जाण्याचा आहे. तलाव उथळ, तळाशी पातळ पेजेसारखा चिखल. त्याला धरून ठेवणारी मुळं गेल्यावर जरा वारा सुटला की चिखल वर येतो, पाणी गढूळ होतं, उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि नवी वनस्पती उगवत नाही. हे चक्र चालूच राहतं. त्यामुळे बाहेरून येणारा फॉस्फरस कमी केला तरी पाणी निवळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी बाजू डिस्ट्रिक्टचे शास्त्रज्ञ आणि त्याच विद्यापीठातले क्लेअर शेल्स्की यांची. शेल्स्की यांनी तळाच्या गाळाचे नळीसारखे नमुने काढून थरांचा अभ्यास केला. शेती वाढली त्या काळापासून गाळात फॉस्फरस साचण्याचा वेग वाढलेला दिसला. वादळं त्याआधीही येऊन गेली होती, मग तलाव तेव्हा का सावरला आणि १९४७ नंतर का नाही, हा त्यांच्या बाजूचा मला पटणारा प्रश्न आहे. वादळाने तलाव खाली पाडला असेल, पण त्याला उठू न देणारं कारण शेतातून येत होतं.

हा वाद कागदावरचा नव्हता. तोवर सरकारने या मतावर मोठा निर्णय घेऊन टाकला होता.

शेतं विकत घेतली आणि पक्षी मेले

१९९६ मध्ये फ्लोरिडाच्या कायदेमंडळाने कायदा करून शेतं विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. राज्य आणि केंद्र सरकारचे मिळून सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. १९९८ च्या उन्हाळ्यात शेवटची कापणी झाली आणि शेतांत पाणी सोडण्यात आलं. दलदल परत यावी, हा हेतू.

पक्षी तर लगेच आले. त्या डिसेंबरच्या पक्षीगणनेत १७४ जाती मोजल्या गेल्या. आणि त्याच हिवाळ्यात ते मरू लागले. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात एकट्या त्या जागेवर ६७६ मृत पक्षी सापडले. त्यात ४४१ पांढरे पेलिकन होते, बाकी बगळे आणि करकोचे. तपासात टॉक्साफिन, डायएल्ड्रिन आणि डीडीटीचे अवशेष सापडले.

डीडीटीवर अमेरिकेत १९७२ मध्येच बंदी आली होती. पण सेंद्रिय पदार्थांनी भरलेली काळी माती अशी रसायनं घट्ट धरून ठेवते. पाणी भरलं, मासे आले, रसायनं माशांच्या चरबीत साठली आणि मासे खाणाऱ्यांच्या पोटात गेली. जमिनीत कीटकनाशकं आहेत हे आधी माहीत होतं; धोक्याचा अंदाज मात्र चुकला. पुढे सुमारे दहा वर्षांनी प्रचंड नांगर आणून वरची माती खाली आणि खालची वर करण्यात आली, तेव्हा कुठे सर्वात दूषित भागांत पुन्हा पाणी भरता आलं.

तलावातल्या ॲलिगेटर मगरींची कथा याआधीची. लुई गिलेट या जीवशास्त्रज्ञाला त्यांच्या पिल्लांत संप्रेरकांचा बिघाड आणि जननेंद्रियांची खुंटलेली वाढ आढळली. १९८० मध्ये एका कीटकनाशक कारखान्यातून झालेली गळती हे त्याचं मुख्य कारण मानलं गेलं. रसायनांचा संप्रेरकांवर परिणाम होतो हे जगाला पटवण्यात या मगरींचा मोठा वाटा आहे.

तलाव आता कसा आहे?

२००३ पासून तलावाचं पाणी सुमारे ३०० हेक्टरच्या तयार केलेल्या पाणथळ गाळणीतून फिरवलं जातं. गिझार्ड शॅड हा तळ उकरणारा मासा १९९३ पासून जाळी टाकून काढला जातो, कारण माशाबरोबर त्याच्या अंगातला फॉस्फरसही बाहेर जातो. पाण्यातला फॉस्फरस निम्म्याहून खाली आला आहे आणि काही भागांत पाणवनस्पती पुन्हा उगवल्या आहेत. तलाव पूर्ण निवळलेला नाही.

आणि शेतात राबणारे?

शेतं बंद झाली तेव्हा सुमारे अडीच हजार मजुरांचं काम गेलं. बहुतेक जण कृष्णवर्णीय, हैतीहून किंवा मेक्सिकोतून आलेले. जमिनीचे आणि अवजारांचे पैसे मालकांना मिळाले.

ज्या मातीतल्या रसायनांनी पेलिकन मेले, तीच माती या लोकांनी वर्षानुवर्षं हातांनी उपसली होती. पक्ष्यांच्या मृत्यूची आणि मगरींची शास्त्रीय तपासणी कित्येक वर्षं चालली. मजुरांच्या वाट्याला तसा अभ्यास आला नाही, म्हणून फ्लोरिडातल्या शेतमजुरांच्या संघटनेने २००६ मध्ये स्वतःच १४८ माजी मजुरांची पाहणी केली. बहुतेकांनी आपली तब्येत जेमतेम किंवा वाईट असल्याचं सांगितलं. सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब, काहींना ल्युपस. अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण कारण शोधायचं तर आधी रक्ताचे नमुने घ्यावे लागतात, आणि मजुरांची मागणी तेवढीच होती. पुढे त्यांच्या समाजाने वारलेल्या सोबत्यांच्या आठवणीत दोन मोठ्या गोधड्या शिवल्या. प्रत्येक चौकोन एका माणसाचा. अनेक चौकोनांवर मका आणि गाजरं आहेत.