कळफलकाची किंमत

माझी कन्या घरीं बसून भाषांतराचें काम करते. गेल्या वर्षीं तिच्या संगणकाचा कळफलक बिघडला. बिघाड तो काय, तर काना उमटेना! त्या एका कळेपायीं शंभर कळांचा फलक टाकून द्यावा लागला. पांच-सहाशें रुपयांची वस्तु, ती दुरुस्त कोण करणार? "बाबा, या खेपेस सहा हजारांचा घ्यावा म्हणतें. त्यांतला प्रत्येक स्विच निराळा काढतां येतो," ती म्हणाली. आंकडा ऐकून मी दचकलों, हें कबूल करतों. तो खर्च सार्थ कीं निव्वळ चैन, हें ठरविण्यापूर्वीं मीं मास्तरकीच्या संवयीनें या वस्तूचा इतिहास पाहिला. तोच आज सांगणार आहें.

कळफलकाचा आजा म्हणजे टाइपरायटर. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं ख्रिस्तोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८६८ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८७३ सालीं बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें तें यंत्र करण्यास आरंभ केला. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेज आणि बॉइस कंपनीनें १९५५ सालीं देशी टाइपरायटर काढला. तें उत्पादन २००९ सालीं थांबलें. क्लासांत अशाच यंत्रापुढें बसून मीं तरुणपणीं मराठीची मिनिटास ३० शब्दांची परीक्षा दिली. करंगळी मेटाकुटीस येई. कारण अक्षर उमटविण्याचे श्रम तेथें बोटांसच करावे लागत. कळ दाबली कीं तरफ हाले, दांडी उसळे आणि फितीवर आदळे. एखादी दांडी वांकली तर मिस्त्री पक्कडीनें ती सरळ करी. यंत्र कोणी टाकून देत नसे.

संगणकाच्या कळफलकास असे श्रम नाहींत. आंत विजेचा संपर्क झाला कीं काम झालें. म्हणजे बोटास जाणवणारा प्रतिकार हा आतां कामाचा भाग राहिला नाहीं. तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. ही गोष्ट आय. बी. एम. कंपनीनें चांगली ओळखली होती. कचेऱ्यांतील टंकलेखकांचीं बोटें तिच्याच १९६१ सालच्या सेलेक्ट्रिक या विजेच्या टाइपरायटरास सरावलेलीं होतीं. तेव्हां संगणकाच्या कळेखालीं तिनें अशी स्प्रिंग बसविली कीं ती ठराविक दाबास एकाएकीं वांकते, 'टक्' असा आवाज होतो, आणि अक्षर गेलें हें बोटास व कानास एकदमच कळतें. १९८५ सालीं निघालेला तिचा 'मॉडेल एम' हा कळफलक दोन किलोंहून जड भरे; त्यांपैकीं कित्येक आजहि चालू आहेत. परंतु गंमत अशी कीं, त्याचा आंतला सांगाडा प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनीं जखडलेला असे. वयोमानानें ते रिव्हेट तुटूं लागले म्हणजे सारेच छाटून त्या जागीं बोल्ट बसवावे लागतात. वस्तु टिकाऊ असणें निराळें आणि ती दुरुस्त होण्याजोगी असणें निराळें.

पुढें संगणक स्वस्त झाले, तसा कळफलकहि स्वस्त करणें भाग पडलें. स्प्रिंगच्या जागीं रबराच्या घुमट्या आल्या, त्यांखालीं प्लॅस्टिकचे पापुद्रे. चहा सांडला कीं सगळेंच संपलें. तरी मी त्याची निंदा करणार नाहीं. स्वस्ताईमुळेंच संगणक घरोघरीं पोंचला.

जर्मनींतील चेरी कंपनीनें मात्र १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच 'एम-एक्स' नांवाचा स्विच काढला होता. यांत प्रत्येक कळेस स्वतःची स्प्रिंग व स्वतःचा धातूचा संपर्क असतो. रंगावरून स्वभाव ओळखावयाचा : लाल सरळ खालीं जातो, तपकिरी वाटेंत किंचित् अडतो, निळा अडतो आणि वाजतोहि. (घरांत कोणी झोपलें असेल तर निळा घेऊं नये.) पुढें पेटंटाची मुदत सरली आणि चिनी कारखान्यांनीं त्याच मापाचे स्विच मुबलक काढले. पूर्वीं स्विच डाख देऊन बोर्डास जोडीत. आतां बोर्डावर चिमुकल्या खोबणी ठेवूं लागले. चिमट्यानें जुना उपटावा, नवा दाबून बसवावा. यासच 'हॉट-स्वॅप' म्हणतात.

विक्रेते सांगतात, स्विच ५ कोटी दाब टिकतो. मीं हिशेब मांडला. एक कळ दिवसास २,००० वेळां दाबली तर ५ कोटी होण्यास २५,००० दिवस, म्हणजे सुमारें ६८ वर्षें लागतील. तितकें लिहिणार कोण? तेव्हां त्या आंकड्यासाठीं पैसे मोजूं नयेत. स्विच झिजून क्वचित् मरतो. धुळीनें, दमट हवेनें त्याचा संपर्क बिघडतो आणि एकदां दाबलें असतां अक्षर दोनदां उमटूं लागतें. अशा वेळीं खोबणी उपयोगी पडते : एक स्विच बदलला कीं बाकीचा फलक वांचतो.

म्हणून ज्याचें पोट लिहिण्यावर आहे त्यानें खोबणीचा कळफलक अवश्य घ्यावा. दिवसाकांठीं दोन पत्रें लिहिणाऱ्यास रबर पुरे. परंतु तीन हजारांचा आणि पंधरा हजारांचा यांतला फरक बहुतेक ॲल्युमिनियमच्या पेटीचा, दिव्यांचा व हौसेचा असतो. शिवाय खोबणीहि अमर नव्हे; ती साधारण शंभर वेळांच्या काढघालीसाठीं केलेली असते. स्विच कांहीं तीन पायांचे, कांहीं पांच पायांचे असतात. आपल्या बोर्डास कोणते चालतात तें आधीं विचारावें.

कन्येनें अखेर साडेतीन हजारांचा, तपकिरी स्विचांचा घेतला. या पावसाळ्यांत त्यावरील 'र' दोनदां उमटूं लागला. मीं चष्मा लावून चिमट्यानें स्विच उपटला. नवा बसवितांना पहिल्या खेपेस त्याचा पाय वांकला. तो सुईनें सरळ केला आणि दुसऱ्या खेपेस बसला. तोंवर कन्या मागें उभी होती, कारण तिला तें भाषांतर संध्याकाळपर्यंत पाठवावयाचें होतें.