नांदेड-लातूर परिसरातील वृद्धांचा श्रोणिभंग : उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
श्रोणी म्हणजे पाठीचा कणा व दोन्ही पाय यांना जोडणारे हाडांचे कडे. तरुणाचे हे कडे मोडण्यास वाहनाच्या धडकेसारखा मोठा आघात लागतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाचे ते ओसरीवर घसरूनही मोडते. हा भेद वैद्यकशास्त्रास उशिरा उमगला. नांदेड व लातूर येथील उपचारांचा इतिहास त्याच्याशी निगडित आहे.

संस्थात्मक पार्श्वभूमी :
१९४८ मध्ये मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा विभागात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. शासकीय महाविद्यालये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६, अंबाजोगाईस १९७४, नांदेडला १९८८ व लातूरला २००२ मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. अस्थिशल्यचिकित्सेची निकड त्या आपत्तीने सर्वांच्या नजरेस आणली. परंतु घरातल्या घरात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे दुखणे असे नजरेत भरत नाही.

संकल्पनेचा विकास :
साध्या क्ष-किरण चित्रात पुढील जघनास्थीची मोड दिसते. मागील त्रिकास्थीची मोड बहुधा निसटते. ठिसूळपणामुळे त्रिकास्थी आपोआप मोडते, हे लॉरी यांनी १९८२ मध्ये मांडले. सी. टी. स्कॅनमुळे ही मोड स्पष्ट दिसू लागली. जर्मनीतील रोमेन्स व हॉफमन यांनी २०१३ मध्ये अशा अस्थिभंगांचे चार प्रकार केले. केवळ पुढचा भाग मोडल्यास शस्त्रक्रिया नको. मागचा भाग मोडूनही सरकला नसेल, तर प्रथम वेदनाशमन व हालचाल, आणि तरीही चालता न आल्यास त्वचेतील लहान छेदातून स्क्रू बसवावेत. हाड सरकले असल्यास शस्त्रक्रिया करावी, असे त्याचे सार आहे.

या शस्त्रक्रियेचा हेतू रुग्णास लवकर उभे करणे हा आहे. दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने शय्याव्रण, न्यूमोनिया व रक्ताच्या गुठळ्या संभवतात; वृद्धाच्या जिवावर बेतते ते पुष्कळदा यांमुळेच.

खर्चाचा प्रश्न :
राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. लातूरचा समावेश २०१३ च्या राज्यव्यापी विस्तारात झाला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

निष्कर्ष :
महाविद्यालये, स्कॅन व आर्थिक साहाय्य ही साधने क्रमाक्रमाने आली. तथापि ‘मुका मार आहे, पडून राहा’ हा घरगुती सल्ला बदलल्याखेरीज वृद्ध रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचणार नाही. या इतिहासातील अपुरे राहिलेले कार्य ते हेच होय.