तांबडी शाई

निबंध लिहावयास शिकवितां येतो काय, हा प्रश्न जुना आहे. कवि जन्मासच यावा लागतो, हें बहुतेकांस मान्य असतें. परंतु साधें, स्वच्छ व सुसंगत गद्य तरी शिकवितां येतें कीं नाहीं, याविषयीं शिक्षकांतहि एकमत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस लेखन शिकविण्यासाठीं जवळजवळ दीडशें वर्षें श्रम वेंचले. त्या श्रमांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. वरवर पाहतां तो लेखनाचा इतिहास दिसतो. वस्तुतः तो चुकीचा इतिहास आहे. नवशिक्याची चूक शिक्षकानें कोणत्या दृष्टीनें पाहावी, हाच त्यांतील खरा वाद होय.

ज्या १८७४ सालीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली, त्याच सालीं बोस्टनजवळील हार्वर्ड विद्यापीठांत प्रवेशेच्छु विद्यार्थ्यांस इंग्रजी निबंधाची परीक्षा प्रथम द्यावी लागली. शेक्सपिअरचें एखादें नाटक, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ किंवा गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ यांसारख्या ग्रंथांतील विषयावर लहानसा निबंध लिहावयाचा. आणि शुद्धलेखन, विरामचिन्हें, व्याकरण व शब्दयोजना यांवरून त्याची पारख व्हावयाची. लिहिणाऱ्यास कांहीं सांगावयाचें आहे कीं नाहीं, ही कसोटी त्या यादींत नव्हती.

चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांचे निबंध वाचून प्राध्यापकांची निराशा झाली. पूर्वीं वृत्तपत्रांत काम केलेले ॲडम्स शर्मन हिल हे तेथें लेखनाचे प्राध्यापक होते. त्यांच्या आग्रहानें १८८५ सालीं ‘इंग्लिश ए’ हा वर्ग पहिल्या वर्षास आला, आणि पुढें देशभर त्याचें अनुकरण झालें. विद्यार्थ्यांनीं वारंवार लिहावें व शिक्षकांनीं तांबड्या शाईनें तपासावें, असा क्रम पडला. हेतु चांगला होता. पण शेंकडों निबंध तपासणारा मनुष्य हळूहळू वाचावयाचें सोडून केवळ खुणा करूं लागतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

१८९२ सालीं तीन सद्गृहस्थांच्या समितीनें या शिक्षणाविषयीं अहवाल सादर केला. त्यांपैकीं चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स हे रेल्वे कंपनीचे माजी अध्यक्ष व गॉडकिन हे संपादक. शिकविण्याचा धंदा तिघांपैकीं कोणाचाच नव्हता. त्यांनीं विद्यार्थ्यांच्या सदोष निबंधांच्या हुबेहूब प्रतिकृति छापल्या आणि दोषाचें खापर शाळांच्या माथीं फोडलें. हें काम महाविद्यालयाचें नव्हे, खालच्या शाळांचें, असा त्यांचा निर्णय होता. चूक हा अपराध ठरला व लेखनाचा शिक्षक द्वारपाल बनला.

हा द्वारपाल दूर झाला तर काय होईल, याची परीक्षा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत झाली. १८४७ सालीं स्थापन झालेल्या या विनाशुल्क संस्थेनें गरिबांच्या अनेक पिढ्या पुढें आणल्या होत्या. पण ती उभी होती हार्लेममध्यें, आणि आंत मात्र हार्लेमची मुलें थोडीं. १९६९ सालीं कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनीं कॉलेज व्यापून दरवाजे बंद केले. पुढच्याच वर्षापासून, शहरांतील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास नगर-विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयांत प्रवेश मिळूं लागला.

ज्यांच्या घरीं यापूर्वीं कोणीं महाविद्यालय पाहिलें नव्हतें अशीं मुलें परीक्षेस बसलीं. त्यांचे कागद पाहून कित्येक प्राध्यापकांस वाटलें कीं, हें काम अशक्यच आहे. तेथील लेखनशिक्षणाच्या प्रमुख मिना शॉनेसी याहि प्रथम गोंधळल्या. परंतु बाईंनीं तांबडी शाई बाजूस ठेवली आणि ते कागद पुनःपुनः वाचले. १९७० ते १९७४ या काळांतील सुमारें ४,००० निबंधांच्या अभ्यासांतून १९७७ सालीं त्यांचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ निघाला. त्याचा सिद्धांत असा कीं, नवशिक्याच्या चुका स्वैर नसतात. त्यांच्या मुळाशीं तर्क असतो.

एक साधें उदाहरण पाहूं. इंग्रजींत अनेकवचनीं नामास ‘एस्’ लागतो, पण वर्तमानकाळीं क्रियापदास तोच ‘एस्’ एकवचनीं लागतो! अनेकवचनी कर्त्यापुढील क्रियापदास ‘एस्’ लावणारा मुलगा आळशी नसतो. भाषेनें पाळावयास हवा होता तो नियम तो पाळीत असतो. त्यास ‘चूक’ एवढेंच म्हटल्यानें तो गप्प होतो. त्याचा तर्क ओळखून समजाविल्यास तो शिकतो.

पुढील संशोधनानें याच मार्गावर भर घातली. १९७९ सालीं सोंड्रा पर्ल यांनीं पांच दुर्बळ विद्यार्थी लिहितांना पाहिले. ते निष्काळजी नव्हतेच; उलट एकेका शब्दापाशीं थांबून चुका शोधण्यांत त्यांच्या विचाराचा धागाच तुटत होता. १९८० सालीं नॅन्सी सॉमर्स यांनीं दाखविलें कीं, नवशिक्यास दुसरा खर्डा म्हणजे शब्दांची अदलाबदल वाटतो. मुरलेला लेखक मात्र त्या खर्ड्यांत आपलें म्हणणेंच नव्यानें शोधतो. लेखन वाचकासाठीं असतें, तें पुनर्लेखनानें वाढतें, आणि प्रत्येक लेखकास अद्याप शिकावयाचें उरलेलें असतें, हीं तत्त्वें २०१५ च्या ‘नेमिंग व्हॉट वुई नो’ या संग्रहांत एकत्र मांडलेलीं आढळतात.

तथापि तत्त्व मान्य होणें व दार उघडें राहणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. १९७६ सालीं पैशाच्या तंगींत सिटी कॉलेजास फी आली. १९७८ सालीं शॉनेसीबाई वारल्या. आणि १९९९ सालीं विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूरक वर्ग काढून टाकण्याचा निर्णय कायम केला. १८९२ च्या समितीचाच न्याय, केवळ एका शतकानंतर!

म्हणून वाचकांपुढें एवढेंच ठेवावेंसें वाटतें. घरांतील मुलाची वही हातीं आली म्हणजे आपलीहि बोटें आधीं लेखणीकडे जातात. तीं क्षणभर आवरावीं व हा काय सांगूं पाहतो, हें प्रथम वाचावें. चूक त्यानंतरहि दुरुस्त होते. पण कोणी वाचीतच नाहीं असें वाटून ज्यानें लेखणी खालीं ठेवली, त्याच्या हातीं ती पुन्हां देणें फार कठीण असतें.