गृध्रसी, फळी आणि कंबर

ज्याला आज आपण सायटिका म्हणतो त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. हा आजार झालेला माणूस एक पाय ओढत, अंग एका बाजूला कलतं करून, जमिनीवर उतरलेल्या गिधाडासारखा चालतो, म्हणून हे नाव, अशी त्याची एक उपपत्ती सांगतात. शब्द शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला ती फार आवडते. (आता गंमत बघा. कंबरदुखीवर सर्रास दिली जाणारी डायक्लोफिनॅक ही गोळी. तेच औषध गुरांना टोचलं गेलं, मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली आणि १९९०नंतर आपल्याकडची गिधाडं झपाट्यानं संपत गेली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. म्हणजे गृध्रसीच्या औषधानंच गृध्र गेले! असो.)

चरकसंहितेत या दुखण्याचा मार्ग अगदी नकाशासारखा दिला आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत. ज्याला हे झालं आहे त्यानं तो वाचावा, आपलीच हकीकत कोणी लिहून ठेवली आहे असं वाटतं. सुश्रुतानं आणखी एक नेमकी गोष्ट टिपली : या आजारात पाय उचलून पुढे टाकता येत नाही. पाय उचलण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे. मात्र एवढ्यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायला मी तयार नाही. लक्षण त्यांनी अचूक पाहिलं. कारण त्यांनी वाताला चिकटवलं आणि उपाय म्हणून शीर तोडून रक्त काढणं, डाग देणं आणि बस्ती सांगितले. युनानी हकीम याला ‘इर्क-उन-निसा’ म्हणत आणि तेही रक्त काढत, डाग देत. आणि आमच्या गावाकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खायची पद्धत होती. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक त्या मानानं बराच सौम्य!

हे दुखणं नसेचं आहे, खुब्याच्या सांध्याचं नाही, हे स्पष्टपणे वेगळं काढून लिहिलं ते नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टरानं, १७६४ साली. तेव्हा त्याचं वय २८. त्याच्या आधी युरोपात नितंबाकडचं कोणतंही दुखणं एकाच नावाखाली जाई. कोतुन्योला वाटलं की नसेच्या आवरणात दूषित द्रव साठतो, म्हणून तो कातडीवर फोड आणणारे लेप लावून तो द्रव बाहेर काढू पाही. पुन्हा तेच : निदान पुढे गेलं, उपचार मागेच राहिला. या आजाराच्या सगळ्या इतिहासात हे दिसतं.

आता तो पाय उचलण्याचा मुद्दा. डॉक्टर आपल्याला उताणं झोपवतात, गुडघा सरळ ठेवून टाच धरून पाय वर उचलतात आणि कुठे कळ येते ते विचारतात. या परीक्षेला लासेगची परीक्षा म्हणतात. हा लासेग पॅरिसचा. पण १८६४च्या त्याच्या लेखात ही परीक्षा नाहीच. त्याच्या एका विद्यार्थ्यानं १८८१ साली आपल्या प्रबंधात ती गुरूच्या नावानं दिली. त्याच्याही आधी, १८८० साली, सर्बियातल्या लाझा लाझारेविच या डॉक्टरानं तीच परीक्षा आपल्या भाषेत लिहून छापली होती, आणि कळ येते ती नस ताणली जाते म्हणून, हेही सांगितलं होतं. हा लाझारेविच सर्बियन भाषेतला नावाजलेला कथाकारही होता. छोट्या भाषेत लिहिलेलं मोठ्या जगाला उशिरा कळतं, हे आपण मराठी माणसांनी त्याला काय सांगायचं!

नस ताणली जाते हे कळलं, पण ती मुळात चिडते कशानं? याचं उत्तर यायला आणखी पन्नास वर्षं गेली. अमेरिकेत बॉस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली एक लेख लिहिला. दोन मणक्यांमधल्या चकतीचा गर मागे सरकून नसेच्या मुळावर दाबतो, हे त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांवरून दाखवलं. आधी अशा गोळ्यांना गाठ समजून काढलं जाई. या लेखानं सगळं चित्र पालटलं. पण त्यातून एक भीतीही जन्माला आली : चकती ‘सरकली’ आहे, हललात तर आणखी सरकेल. म्हणजे पडून राहा.

या ‘पडून राहा’चा अनुभव आमच्या घरानं घेतला आहे. १९६६ साली माझ्या वडिलांची कंबर धरली आणि डावा पाय घोट्यापर्यंत ठणकायला लागला. त्या काळी सगळीकडे सांगत तेच त्यांना सांगितलं गेलं : सहा आठवडे फळीवर. खाटेच्या पायथ्याशी विटा लावल्या, पायाला वजन टांगलं. आई भांडं द्यायची, अंग पुसायची. वडील शेतावर दिवसभर राबणारे. त्यांना सर्वांत जास्त लाज वाटे ती त्या भांड्याची. दुखणं गेलं, पण ते उठले तेव्हा डाव्या पोटरीची घडी हातात यायची आणि कुणाच्या आधाराशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येईना. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. त्यानंतर ते हयात असेपर्यंत त्यांनी नांगराला हात लावला नाही. ‘कंबर गेली माझी,’ असं ते म्हणत, आणि आम्हीही ते तसंच धरून चाललो.

खरं तर पडून राहण्याविरुद्ध रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्लिश डॉक्टरानं १९४७ सालीच एक खरमरीत लेख लिहिला होता. पण पुरावा जमायला वेळ लागला. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचं काही बिघडलं नाही, उलट ते कामावर लवकर गेले. हे साध्या कंबरदुखीचं झालं. पायात कळ जाणाऱ्या, म्हणजे खऱ्या सायटिकाच्या १८३ रोग्यांवर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला तो १९९९ साली छापून आला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना झेपेल तसं हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण एकच होतं, शंभरात ८७. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. वडील बरे झाले असतेच, फळीशिवायही. मग त्या सहा आठवड्यांनी केलं काय? तर त्यांचे स्नायू खाल्ले, आणि मनातला भरवसाही.

स्नायूंचंही पुढे नीट कळलं. मणक्यांना अगदी चिकटून, दोन्ही बाजूंनी, मल्टिफिडस नावाचा लहान लहान पट्ट्यांचा स्नायू असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की ज्या बाजूची कंबर दुखते त्या बाजूचा हा स्नायू काही दिवसांतच रोडावतो, आणि दुखणं थांबलं तरी तो आपोआप भरून येत नाही. त्याला मुद्दाम कामाला लावावं लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात आपल्यासारख्या म्हाताऱ्यांच्या कामाची गोष्ट ही आहे. कळ जाते ती बहुधा निसर्गानं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषूनही घेतं. पण कंबर परत मिळवायची ती आपण.

मला स्वतःला हे दुखणं ६९व्या वर्षी झालं. तीन आठवडे बसवत नव्हतं, जेवायचोही उभ्यानं. लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं असतं; ते नाही याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आणि मला व्यायामाला पाठवलं. तिथली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘काका, अंगठे धरायचे नाहीत हं.’ मी तीस वर्षं मुलांना अंगठे धरून उभं केलेला मास्तर! पहिले काही दिवस फक्त पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं आणि घरातल्या घरात चालणं. मग नातवंडांना पाठीवर घेताना होतो तसा घोडा होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, दहापर्यंत मोजायचं, मग उलट. पहिल्या दिवशी चारपर्यंत मोजून मी चटईवर कोसळलो. चौथ्या महिन्यात दहा-दहाच्या सहा फेऱ्या झाल्या, आणि त्याच महिन्यात मी मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढलो. वडिलांनी ४८व्या वर्षी सोडून दिलं ते एवढंच होतं.

ते पालथं झोपणं कुठून आलं, तीही एक कथाच आहे. डॅलसच्या पॉल विल्यम्सनं १९३७ पासून पुढे वाकण्याचे व्यायाम रूढ केले होते, गुडघे छातीशी घ्यायचे वगैरे. पुढची कित्येक वर्षं मागे वाकणं निषिद्ध मानलं जाई. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी यांनी एका रोग्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रोग्यासाठी उंच केलेलं तसंच होतं. हा गृहस्थ निमूटपणे त्यावर कंबर मागे वाकवून पडला. मॅकेंझी पाच मिनिटांनी येऊन बघतात तर पायातली कळ गेलेली! पायातलं दुखणं वर सरकून कंबरेपुरतं उरलं तर ते सुधारणेचं लक्षण, हे सूत्र त्यांनी अशा अनुभवांतून बांधलं.

मग विल्यम्स चुकले का? तसंही नाही. उतारवयात पायात येणारी कळ नेहमी चकतीमुळेच येते असं नाही. मज्जारज्जूची नळीच अरुंद होत जाते आणि थोडं चाललं की पाय भरून येतात, जरा बसलं की उतरतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हेंक फर्बीस्ट यांनी हे १९५४ साली नीट मांडलं. अशा माणसाला मागे वाकलं की त्रास होतो आणि पुढे झुकलं की मोकळं वाटतं. म्हणून काही म्हातारी माणसं मॉलमधल्या ढकलगाडीवर रेलून तासभर हिंडतात, पण रिकाम्या हातानं पन्नास पावलं चालू शकत नाहीत. औंधच्या पंतप्रतिनिधींचा सूर्यनमस्कार आम्ही शाळेत वर्षानुवर्षं घातला आणि घालून घेतला. त्यात पुढे वाकणंही आहे आणि मागे वाकणंही. निरोगी पाठीला तो उत्तमच, पण दुखऱ्या कंबरेवर ‘घाला बारा नमस्कार’ हा सल्ला मी कुणाला देणार नाही. आधी कोणत्या दिशेनं बरं वाटतं ते कळायला हवं.

आमच्या बागेतल्या कट्ट्यावर मी सकाळी कठड्याला धरून मागे वाकत असतो. शेजारच्या बाकावर माझे एक जुने सहकारी गुडघे छातीशी घेऊन बसलेले असतात. त्यांची नळी अरुंद, माझी चकती. येणारेजाणारे दोघांनाही थांबवून विचारतात, की यातलं बरोबर कुणाचं?