वणव्याचे गणित आणि गणितातला वणवा

१/ ८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. आटोक्यात आल्यासारखी वाटणारी आग वाऱ्याने पुन्हा भडकली होती. आग पुढे कोठे जाईल, हे आधी गणिताने सांगता येईल का? या प्रश्नामागे जवळपास शतकाचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ नागझिऱ्याचे अरण्य शुष्क पानझडी. उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळ्याचा थर साचतो आणि त्याच दिवसांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो. वनविभाग जाळरेषा आखतो. उपग्रह पेटलेली जागा दाखवतो. मात्र आगीची पुढची चाल समजण्यासाठी संगणकीय प्रतिरूप लागते.

३/ त्यासाठी अरण्य आणि त्यावरील हवा लहान चौकटींत विभागतात. काळाचेही टप्पे पाडतात. शेजारच्या चौकटींवरून प्रत्येक चौकटीची पुढच्या टप्प्यातील उष्णता व वेग काढतात. समीकरणे निर्दोष असूनही कधी आकडे वरखाली हेलकावू लागतात आणि काही टप्प्यांत अमर्याद वाढतात. हेच सांख्यिक अस्थैर्य.

४/ त्याचे एक मूलभूत कारण १९२८ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे उलगडले. रिखार्ड कूरांट, कुर्ट फ्रीड्रिक्स आणि हान्स लेवी या गणितज्ञांच्या निबंधात. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हते. समीकरणांना उत्तर असते हे सिद्ध करणे, एवढाच त्यांचा हेतू होता.

५/ त्यांची अट सोप्या भाषेत अशी: एका टप्प्यात वस्तुस्थितीतील परिणाम जितका दूर पोहोचतो, तितक्या दूरची माहिती गणितानेही घेतली पाहिजे. चौकट १ मीटरची आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर केवळ शेजारची चौकट पाहणाऱ्या पद्धतीत टप्पा ०.१ सेकंदाहून मोठा चालत नाही.

६/ १९३३ मध्ये नाझी राजवटीने कूरांट यांना पदावरून दूर केले. पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. संगणक आले आणि शुद्ध गणितातील ही अट रोजच्या कामाची ठरली. १९६७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकाने त्या जुन्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर छापले.

७/ अट पाळणे महाग असते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी ८ पट होतात, टप्पे दुप्पट. म्हणजे काम १६ पट. १९९९ मध्ये योस स्टॅम यांनी वेगळी वाट मांडली: हवा पुढे ढकलण्याऐवजी ‘येथील हवा कोठून आली?’ असे मागे वळून विचारायचे आणि तेथील आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी घ्यायची. सरासरी मूळ आकड्यांच्या बाहेर जात नाही. त्यामुळे टप्पा मोठा असला तरी गणित उधळत नाही.

८/ पण प्रत्येक सरासरीगणिक ज्वाळेची धार बोथट होते, लहान भोवरे विरतात. २००१ मध्ये फेडकिव, स्टॅम आणि येन्सन यांनी धुराच्या चित्रणात ते भोवरे पुन्हा जागवण्याची युक्ती जोडली. पडद्यावरील दृश्यासाठी हे पुरेसे होते.

९/ अरण्यात मात्र विरलेला भोवरा म्हणजे जाळरेषेपलीकडे ठिणग्या नेणारा वाराही असू शकतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेची २००० मध्ये प्रसिद्ध झालेली अग्नी-प्रणाली म्हणून दुसरा मार्ग धरते: गणित करतानाच अट तपासते, ती मोडली तर टप्पा लहान करून तेच गणित पुन्हा मांडते.

१०/ म्हणून स्थैर्य म्हणजे सत्य नव्हे. स्थैर्य खोटा वणवा टाळते. खरा वणवा हरवणार नाही, याची हमी देत नाही. नागझिऱ्यात त्या दिवशी अचानक भडकलेली आग ही आकड्यांची चूक नव्हती. प्रत्येक उसळी दोष समजून दाबणाऱ्या गणिताने तेथे शांतता दाखवली असती, आणि त्या शांततेवर विसंबून माणसे पुढे गेली असती.